राहिलेली चार नावं

दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जणांनी आजवर एखादी गोष्ट लिहिली आहे? हात वर करा बरं! मला इथून दिसणार नाहीत, पण निम्मे हात तरी नक्की वर आले असतील. उरलेल्यांनीही वहीच्या मागच्या पानावर काहीतरी खरडून ठेवलेलं असणार, फक्त कुणाला दाखवलेलं नसणार. खरं ना?

मी तुमच्याएवढा असताना एक गोष्ट लिहिली होती. माझी अगदी पहिली गोष्ट. तिला वर्गात टाळ्या मिळाल्या, आणि दोनच दिवसांनी ती मला पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहावी लागली. असं का झालं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

मी येलदरीचा. परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवर मोठं धरण आहे ना, तेच येलदरी. हे धरण १९६८ साली पूर्ण झालं. त्याच्या पायथ्याशी वीजघर आहे. भूगोलाच्या पुस्तकात धरणाचं नाव आलं की आमचा वर्ग एकदम ताठ बसायचा! आमचं मूळ गाव मात्र मला तुम्हाला दाखवता यायचं नाही. ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. माझे आजोबा कधी कधी काठावर उभे राहून पाण्याकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "त्या तिथं आपली चावडी व्हती." आम्ही पोरं डोळे ताणून बघायचो. आम्हाला नुसतं पाणी दिसायचं.

तर, ते १९९२ साल होतं. मी सातवीत होतो. 'चले जाव' आंदोलनाला त्या वर्षी ५० वर्षं पूर्ण होत होती. आमच्या मराठीच्या सरांनी जाहीर केलं, "यंदाचं हस्तलिखित स्वातंत्र्यलढ्यावर काढायचं." हस्तलिखित म्हणजे मुलांनी हाताने लिहिलेला अंक. त्याची एकच प्रत निघायची. पांढऱ्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीने पुसट रेघा मारायच्या, सुवाच्य अक्षरात लिहायचं, ज्याची चित्रकला बरी त्याने चित्रं काढायची, आणि शेवटी जाड दोऱ्याने शिवून अंक तयार! ज्याचं लेखन त्यात आलं तो आठवडाभर तरंगत असायचा.

सरांनी फळ्यावर विषय लिहिले. मी झटकन हात वर करून 'बालवीर शिरीषकुमार' घेतला. का घेतला? कारण मला त्याच्यावरचं भाषण पाठ होतं. नंदुरबार, मिरवणूक, हातात तिरंगा, पोलिसांची गोळी. बस! एवढं पुरे की गोष्टीला.

रात्री कंदिलाजवळ बसलो (धरणाशेजारी राहूनही आमच्याकडे वीज जायची, हसू नका) आणि सात पानं लिहून काढली. काय नव्हतं त्या गोष्टीत! ढगांचा गडगडाट होता. काळ्या घोड्यावर बसलेला, मिशा पिळणारा गोरा साहेब होता. शिरीषकुमारला गोळी लागते, तो खाली पडतो, आणि मग पडल्या पडल्या दीड पान भाषण करतो. भारतमाता, गुलामीच्या बेड्या, उगवता सूर्य, माझ्याजवळ जेवढे जड शब्द होते तेवढे सगळे मी त्याच्या तोंडी घातले. शेवटी त्याचं रक्त वाहत वाहत पूर्णा नदीला जाऊन मिळतं!

हो, पूर्णा. नंदुरबारला कुठली नदी आहे हे मला कुठे ठाऊक होतं? मला एकच नदी ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात गोष्ट वाचली. कडकडून टाळ्या! मागच्या बाकावरचा माझा मित्र तर म्हणाला, "लई भारी, रडूच आलं." मी हवेतच घरी आलो आणि ओसरीवर बसलेल्या आजोबांना गोष्ट वाचून दाखवली.

आजोबा शाळेत गेलेले नव्हते, पण ऐकायचे मात्र मन लावून. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्याकडं इंग्रज नव्हता बाबा. आपल्यावर निजामाचं राज्य व्हतं."

खरंच होतं ते. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण परभणीसकट सगळा मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. आमच्याकडे स्वातंत्र्य आलं ते १७ सप्टेंबर १९४८ ला. मधलं वर्षभर रझाकारांचा फार धुमाकूळ होता. हे आम्हाला शाळेत शिकवलेलं होतं.

मग आजोबांनी विचारलं, "गोळी लागल्यावर माणूस एवढं बोलतंय का रे?"

मी म्हणालो, "बालवीर होता तो, आजोबा."

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रझाकाराच्या टायमाला मी पाहिलंय. आपल्या गावातलाच व्हता, माझ्या वयाचा. तो काहीच बोलला नाही. नुसता पाणी पाणी करायलता."

"मग? दिलं का कुणी पाणी?"

आजोबा म्हणाले, "आम्ही जवारीत लपलेलो व्हतो."

एवढंच. मग ते उठून गोठ्याकडे गेले. इतकी वर्षं मी त्यांच्यापाशी गोष्टी ऐकत होतो, पण ही त्यांनी कधीच सांगितली नव्हती. ती जागाही आता पाण्याखाली होती. मी माझी सात पानं हातात घेऊन तसाच बसून राहिलो. ते दीड पानाचं भाषण मला पहिल्यांदाच खोटं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. त्यांनी माझी गोष्ट वाचली होती. मला वाटलं, शाबासकी मिळणार. सर म्हणाले, "गोष्ट वाहती आहे. पण मला एक सांग, त्या दिवशी नंदुरबारला एकटा शिरीषकुमारच गेला का?"

मी गप्प. माझ्या भाषणात तर त्याचं एकट्याचंच नाव होतं.

सरांनी कपाटातून एक पुस्तक काढलं आणि मला सगळी हकिगत सांगितली. ती तुम्हालाही सांगतो. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर 'चले जाव'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींना आणि मोठमोठ्या पुढाऱ्यांना सरकारने पकडलं. पुढारी तुरुंगात गेल्यावर लढा चालवायचा कुणी? तर गावोगावच्या साध्या माणसांनी आणि शाळेतल्या मुलांनी. बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबरला, नंदुरबारमध्ये मिरवणूक निघाली. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं. गुजरातच्या सीमेजवळचं व्यापारी गाव. शिरीषकुमार मेहता हा तिथल्याच एका व्यापाऱ्याचा मुलगा. घरात गुजराती बोलणारा. मिरवणूक अडवली गेली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात शिरीषकुमार गेला. आणि त्याच्याबरोबर आणखी चौघे गेले.

सरांनी एका चिठ्ठीवर नावं लिहून दिली. लालदास शहा. धनसुखलाल वाणी. शशिधर केतकर. घनश्यामदास शहा.

मी चिठ्ठी वाचली आणि खरं सांगतो, मला आधी राग आला! मी म्हणालो, "पण सर, पाच जणांची नावं घातली तर गोष्ट शिरीषकुमारची कशी राहील?"

सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्या चौघांच्या आयांनी तुझी गोष्ट वाचली, तर त्यांनी कुणाला शोधायचं?"

यावर मला काही बोलता आलं नाही.

मग सरांनी खिशातून तीन पेनं काढली. निळं, हिरवं आणि लाल. म्हणाले, "गोष्ट पुन्हा वाच. जे घडलंच आहे, ज्याची नोंद आहे, त्याच्याखाली निळी रेघ मार. जे लोक सांगत आले आहेत, पण तसंच्या तसं घडलं का हे आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही, त्याखाली हिरवी. आणि जे तू मनाने रचलंस त्याखाली लाल."

मी बसलो रेघा मारायला. तारीख आणि साल, निळी रेघ. नंदुरबार, तिरंगा, गोळीबार, निळी. पोलिसाने मुलींवर बंदूक रोखली तेव्हा शिरीषकुमार पुढे झाला आणि 'मारायची तर मला गोळी मार' असं म्हणाला, ही आठवण सगळीकडे सांगतात. तिला हिरवी रेघ. आणि बाकीचं? गडगडाट लाल, काळा घोडा लाल, मिशा लाल, भाषण लाल, पूर्णा नदी लाल. सातच्या सात पानं लालेलाल! गणिताच्या पेपरातही माझी इतकी लाल पानं कधी झाली नव्हती.

नदीवरून मी एकदा वाद घालून पाहिला. नकाशात मला खानदेशात पूर्णा सापडली होती. मी धावत जाऊन सरांना म्हणालो, "सर, खानदेशातही पूर्णा आहे!" सर हसले. "आहे की! पण ती चांगदेवजवळ तापीला मिळते. तिथून नंदुरबार पश्चिमेला कितीतरी लांब. आणि आपली पूर्णा तर गोदावरीला मिळते. तुझ्या गोष्टीतली पूर्णा कुठली?" मी गुपचूप नदी खोडली.

मिशीवाल्या साहेबाबद्दलही सरांनी विचार करायला लावला. हुकूम परक्या सरकारचा असायचा हे खरं. पण त्या काळात पोलिसात साधे शिपाई बहुतेक इथलेच असत, आपल्यासारखेच, घरी मुलंबाळं असलेले. सगळा दोष एका काळ्या घोड्यावर बसवला की गोष्ट सोपी होते. पण परकं राज्य टिकतं कशावर, हे मात्र मग कळत नाही.

मला वाटलं, आता सर सांगणार, लाल ते सगळं काढून टाक. पण तसं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "लाल सगळं काढलंस तर उरेल ती बातमी. गोष्ट लिहायची तर रचावं लागणारच. पण कुठे रचायचं ते ठरव. जो मुलगा खरोखर होऊन गेला आणि आता स्वतः बोलू शकत नाही, त्याच्या तोंडी आपली वाक्यं घालायची नाहीत. तुला बोलायचंच आहे ना? मग तुझं स्वतःचं एक पात्र आण."

मी चार दिवस विचार केला. मग मी एक मुलगा आणला. चौकाजवळच्या घरात राहणारा, माझ्याएवढा. त्याला मी नाव दिलंच नाही. मिरवणूक येते तेव्हा आई त्याला ओढून घरात घेते आणि दार लावते. तो खिडकीच्या फटीतून बघतो. त्याला सगळं दिसत नाही. पाय दिसतात, झेंड्याची काठी दिसते, आवाज ऐकू येतात. त्या मुलाला काय वाटलं, ते मी मनाने लिहिलं. कारण तो माझाच होता. मिरवणुकीतल्या मुलांबद्दल मात्र जेवढं माहीत होतं तेवढंच लिहिलं.

आणि शेवटी, सगळं शांत झाल्यावर, तो मुलगा दाराची कडी काढतो. आई ओरडत असताना रांजणातून तांब्याभर पाणी घेतो आणि चौकाकडे पळत जातो. तिथेच गोष्ट संपते. खाली पाच नावं, एकाखाली एक, सारख्याच अक्षरात.

हातात तांब्या कुठून आला, ते तुम्ही ओळखलं असेलच.

ही गोष्ट मी आजोबांना वाचून दाखवली. या वेळी वर्गात वाचण्याच्या आधी. वाचताना माझा आवाज जरा कापत होता. तांब्याशी आलो आणि थांबलो. आजोबा पाण्याकडे बघत होते, आमच्या ओसरीवरून धरणाच्या पाण्याची एक पट्टी दिसायची. त्यांनी विचारलं, "हे खरं हाये का तू मनानं लिवलंस?"

मी म्हणालो, "मनानं लिहिलं. याच्याखाली लाल रेघ आहे."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "काढू नको."

हस्तलिखित निघालं. गोष्ट आता चारच पानांची झाली होती. टाळ्या पहिल्याइतक्या मिळाल्या नाहीत, हेही सांगून टाकतो. भाषण गेलं होतं ना! पण घंटा झाल्यावर माझा तो मागच्या बाकावरचा मित्र आला आणि म्हणाला, "त्या पोरानं पाणी पाजलं का रे मग?" पहिल्या गोष्टीबद्दल त्याने मला काहीच विचारलं नव्हतं.

पुढे मोठा झाल्यावर लक्षात आलं की एकाचं नाव घ्यायचं आणि बाकीचे विसरायचे, ही चूक माझ्या एकट्याची नव्हती. जगभर ती होते. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. तिथल्या सरकारने काळ्या मुलांवर आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याची सक्ती केली. १६ जून १९७६ ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोमध्ये शाळेतली मुलं रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हेक्टर पीटरसन हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा त्यात गेला. त्याला उचलून नेतानाचा फोटो जगभर छापला गेला, म्हणून त्याचं नाव जगाला माहीत झालं. त्याच दिवशी हेस्टिंग्ज एनड्लोवू नावाचा १५ वर्षांचा मुलगाही गोळीला बळी पडला. त्याचा असा फोटो जगापुढे आला नाही. त्याचं नाव किती जणांना ठाऊक असतं?

आपल्याकडे सोलापूरकरांनी मात्र एक छान गोष्ट केली आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना इंग्रज सरकारने १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. सोलापूरकर त्यांना 'चार हुतात्मे' म्हणतात. नावातच आकडा! एखाद्याला विसरलात तर हिशेब लगेच चुकतो. मला ही युक्ती फार आवडते.

तर दोस्तांनो, आता तुमची पाळी. आधी एक हिशेब करा. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. ९ सप्टेंबर १९४२ ला त्याचं वय किती होतं? पंधरा वर्षं आणि साधारण साडेआठ महिने. म्हणजे आजच्या हिशेबाने दहावीतला मुलगा. तुमचा दादा असेल, किंवा तुम्हीच असाल. हा हिशेब केल्याशिवाय लिहायला बसू नका. पुतळ्यावर लिहिणं सोपं असतं. दहावीतल्या मुलावर लिहिताना हात आपोआप जपून चालतो.

मग आपल्या गावातली, तालुक्यातली अशी एखादी घटना शोधा. प्रत्येक गावाजवळ एखादा हुतात्मा चौक, एखादा स्तंभ असतोच. आपण त्याच्याजवळ सायकली लावतो आणि त्यावरची नावं वाचत नाही. एकदा वाचा. सगळी वाचा, खालचीसुद्धा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ते बोलले तर ऐका. मध्येच गप्प झाले तर पुढे विचारू नका, नुसते जवळ बसा.

आणि लिहून झालं की तीन पेनं घ्या. निळं, हिरवं, लाल. लाल रेघा आल्या म्हणून घाबरू नका. त्या येणारच, यायलाच हव्यात. फक्त लाल रेघेला कधी निळी म्हणू नका.

माझ्या सरांनी दिलेली ती चिठ्ठी अजून माझ्याजवळ आहे. कागद पिवळा पडलाय, घड्यांवर फाटलाय, पण चारही नावं वाचता येतात. तुमच्या गोष्टीत पाच जण असतील तर पाच नावं लिहा, पन्नास असतील तर पन्नास. जागा पुरली नाही तर वर्णन थोडं कमी करा, पण नाव एकही गाळू नका.